टक्केसरांचा काळा दोरा

लग्नात माणसं नवरी बघतात, नवरीचा दागिना बघतात, निदान जेवण तरी बघतात. टक्केसर नळ बघायचे.

वडगाव निंबाळकरला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि आमचे सर मांडवाच्या मागं, हात धुवायला काढलेल्या तोट्यांसमोर उभे. शर्टाच्या खिशात पेन, हातात लग्नपत्रिका, आणि पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघोट्या. मामांनी ते बघितलं. वरपक्षाचं कुणीतरी वडीलधारं रुसून बाजूला झालंय, अशी त्यांची खात्री झाली. ते हात जोडत गेले. "पाव्हणं, काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाला. चला, पानावर बसा."

"चुकलंय," सर म्हणाले. "सगळी माणसं पहिल्या तोटीला झोंबतायत. शेवटची तोटी वाया चाललीय. साबण तिकडं न्या."

मामांनी स्वतः साबण उचलून शेवटच्या तोटीवर नेला. गर्दी तिकडं झोंबली. पहिली तोटी ओस पडली. सरांनी मान डोलावली. "बघा. माणूस नळाकडं जात नाही, साबणाकडं जातो." मग ते जेवायला बसले आणि जिलबीला नाही म्हणाले नाहीत. हा सिद्धांत त्यांनी पुढं कॉलेजात राबवला. तिथं साबण पहिल्याच दिवशी चोरीला गेला.

त्यांचं खरं नाव प्राध्यापक धोंडिराम शिंगाडे. मूळचे इंदापूरकडचे, म्हणजे माझ्याच तालुक्यातले. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं, आणि हे त्या घरातले पहिले पदवीधर. बारामतीच्या आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. कॉलेजचं नाव सांगत नाही. माझ्या पत्रकांत ते इतक्या वेळा येऊन गेलंय, की संचालक मंडळाला ते नुसतं वाचलं तरी जळजळ होते. मी तेव्हा वसतिगृहात राहायची आणि शिकण्यापेक्षा जास्त पत्रकं काढायची. सर मला 'पत्रकबाई' म्हणायचे. जिन्यात भेटले, की विचारायचे, "काय पत्रकबाई, आज कुणाचा निषेध?"

नव्वदीचं दशक निम्मं सरलं आणि कॉलेजात संगणक आला. एकच. त्याच्यासाठी खोली रंगवली, खिडक्यांना जाड पडदे लावले, खाली गालिचा अंथरला आणि भिंतीत थंड हवेचं यंत्र बसवलं. मुलींच्या खोलीत साधा पंखा नव्हता. पण यंत्राला उकडू नये याची काळजी घेणारी दयाळू माणसं आमच्या संचालक मंडळात होती. संगणकाच्या खोलीत चपला घालून जायला बंदी. देवळात असते तशी. फरक इतकाच, की देवळात गेलं तर निदान घंटा तरी वाजवता येते. इथं हात लावायचा नाही, असा बोर्ड होता.

हात लावायची परवानगी एकट्या टक्केसरांना. त्याच सुमारास विद्यापीठाची तपासणी समिती येणार असं कळलं. इमारत, पंखे, बाकं, पाणी, सगळं नीट आहे का ते ती बघणार. प्राचार्यांनी घाईघाईनं एक देखभाल समिती नेमली. कुणालाच नको असलेलं तिचं प्रमुखपद सरांनी असं स्वीकारलं, की जणू त्यांना राज्यपाल केलंय. त्यांना एक लहानशी खोली मिळाली. दारावर लावायला त्यांनी स्वतःच्या हातानं 'देखभाल समिती' अशी पाटी रंगवली.

इतर ठिकाणी पंखा मोडला, की सुतार-वायरमन बोलवतात. सर म्हणाले, मोडण्याआधी कुठला पंखा मोडणार ते मी सांगतो. सर्जेराव नावाचे शिपाई रोज सगळ्या इमारतीत फेरी मारून काय चाललं, काय बंद पडलं ते सरांना सांगायचे. सर ते संगणकात भरायचे. मग प्रिंटर किर्र किर्र करत, दोन्ही कडांना भोकं पडलेल्या कागदाच्या लांबच लांब पट्ट्या बाहेर टाकायचा. त्या पट्ट्या सर दारादारावर चिकटवायचे. या खोलीचा वापर इतका, या नळाचा तितका. म्हणून ते टक्केसर. कुणी हुज्जत घातली, की त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "आकडा बोलतोय, तुम्ही गप्प बसा." त्याहून मोठी हुज्जत असली, तर दुसरं ठरलेलं वाक्य यायचं, "नोंद नाही, म्हणजे घटना नाही."

त्यांनी लावलेले शोध एकेक ऐकण्यासारखे आहेत. कचरा डब्यात पडत नाही, डब्याच्या जरा अलीकडं पडतो, असं त्यांना दिसलं. मग डबाच अलीकडं सरकवला. कचरा आणखी अलीकडं पडायला लागला. सरांनी डबा पुन्हा सरकवला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो डबा व्हरांडा ओलांडून प्राचार्यांच्या केबिनच्या दाराशी पोचला. तिथं मात्र कचरा बरोबर डब्यात पडायला लागला, कारण पोरं मुद्दाम लांबून चालत येऊन टाकायची.

मग बाकं. मागची बाकं जास्त झिजतात, कारण मागं वस्ती दाट, असा निष्कर्ष निघाला. सरांनी नवीकोरी बाकं मागं लावली आणि डुगडुगणारी पुढं आणली. पहिल्या नंबराची मुलं रडकुंडीला आली. मागच्या बाकावरच्यांनी सरांचा सत्कार करायचं ठरवलं. वर्गणी मागच्या बाकावर जमत नाही म्हणून तो राहिला.

पण सगळ्यात गाजला तो पंख्याचा कागद. कॉलेजातला सगळ्यात जास्त फिरणारा पंखा प्राध्यापकांच्या खोलीतला आणि सगळ्यात कमी फिरणारा वर्गातला, असं सरांनी नुसतं छापलं नाही, तर त्या खोलीच्या दारावर चिकटवलं. प्राध्यापक त्यांच्याशी बोलेनासे झाले. सरांनी त्याचीही बेरीज-वजाबाकी केली असणार. मी तो कागद माझ्या पत्रकात अख्खा छापला. वर मथळा घातला, 'तास कुठं होतात? पंख्याला विचारा.' त्या दिवसांत सर मला एकदम आमच्या बाजूचे वाटायचे.

स्वतःबद्दलही ते सरासरीतच बोलायचे. पगारवाढीच्या गप्पा चालल्या होत्या. कुणी म्हणालं, आमच्या घरात सहा माणसं आणि तीन खोल्या. सर म्हणाले, "आमच्याकडं माणशी दोन खोल्या. माणशी एक पंखा. एक सायकल." ऐकणाऱ्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि भिगवण रस्त्याला सरांचा केवढा वाडा असेल असं चित्र रंगवलं. सरांनी ते खोडलं नाही.

आता दोऱ्याकडं येते.

कुठलं दार किती उघडतं हे सर्जेराव सांगू शकत नव्हते. ते तरी कुठकुठल्या दाराशी बसणार? मग सरांनी युक्ती काढली. ज्या खोल्यांबद्दल शंका होती, तिथं सकाळी दाराच्या कडीकोयंड्यात एक काळा लोकरीचा दोरा बांधायचा. संध्याकाळी बघायचा. तुटला असेल तर खोली वापरात. शाबूत असेल तर शून्य. हे काम मात्र ते सर्जेरावांवरही सोडायचे नाहीत, दुसऱ्याचा हात लागला की नोंद बाटते म्हणायचे. उजाडता उजाडता सायकलवरून यायचे, पहिली एसटी यायच्या आत दोरे बांधून मोकळे.

मी एकदा त्यांना अडगळीच्या खोलीशी गाठलं. म्हटलं, सर, लोकरीचाच का? बाजारात रिळं मिळतात की. ते म्हणाले, रिळाचा दोरा वाऱ्यानंही तुटतो. लोकर ताणते, उगीच तुटत नाही. माणसानं दार ढकललं तरच तुटते. मग जरा फुशारकीनं म्हणाले, "घरी चाचणी घेतलीय. माझ्या पुढच्या दाराला बांधला होता. अख्खा उन्हाळा टिकला."

मी म्हटलं, वा. आणि पुढच्या निषेधाला गेले.

मार्च उजाडायच्या सुमारास मुलींच्या खोलीच्या दारावर पट्टी लागली. वापर, शून्य.

ही खोली म्हणजे काय ते सांगायला हवं. आसपासच्या गावांतून मुली सकाळी एसटीनं यायच्या आणि संध्याकाळी एसटीनंच जायच्या. सकाळचे तास आणि दुपारचं प्रॅक्टिकल यांच्या मधल्या वेळात त्यांनी बसायचं कुठं, डबा खायचा कुठं, आणि लघवीला जायचं कुठं? पोरं कुठंही जातात. मुलींसाठी ही एक खोली होती. मागं संडास, एक नळ, आतून कडी. बस्स. आणि आता प्राचार्यांचं म्हणणं असं, की शून्य वापराची खोली ठेवून काय करता? समिती यायच्या आत तिथं दुसरी संगणकाची खोली करू. गालिच्याचं मापसुद्धा घेऊन झालं होतं.

माझा जो संताप झाला, तो मी आजही आवरत नाही. खोलीसमोर सायकल स्टँड. तिथं टवाळ पोरं बसणार, त्यांना कुणी हटकणार नाही, मुली त्या बाजूला जायच्या बंद होणार, आणि मग तुम्ही म्हणणार गरजच नाही. आधी वाट अडवायची आणि मग वाटेवर कुणी दिसत नाही म्हणून ती विकायची. मी रात्रीत पत्रक लिहून काढलं. 'शून्याचा निषेध.' सायक्लोस्टाइलची शाई कोपरापर्यंत.

पत्रकं वाटत होते, त्याच आठवड्यात मंगल चक्कर येऊन पडली.

मंगल लासुर्ण्याची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या गल्लीतून बारावीच्या पुढं गेलेली पहिली मुलगी. तिला कॉलेजात घालताना तिचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणायचे, स्वतः आले होते. प्राचार्यांना भेटले नाहीत, प्रयोगशाळा बघितली नाही. फक्त ती खोली बघितली. आत गेले, कडी लावली, काढली, परत लावली, आणि म्हणाले, चालंल. तेवढ्या एका कडीवर तिचा प्रवेश झाला होता.

ती रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये कोसळली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पोरगी दिवसभर पाणी पीत नाही, दुसरं काही नाही. तात्या आले. कुणीतरी त्यांना सांगितलं, की ती खोली आता संगणकाला जाणार. तात्या आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी मंगलची पिशवी उचलली आणि म्हणाले, "खोली न्हाय, तर कालिज न्हाय." एवढंच. लासुर्ण्यात स्थळं बघायला वेळ लागत नाही, हे मंगलला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन संगणकाच्या खोलीत शिरले. चपला घालून. गालिच्यावरून. सर समितीपुढं ठेवायची मोठी पट्टी छापत होते. कॉलेजची अख्खी इमारत त्यात उभ्या-आडव्या खांबांनी मांडलेली. विद्यापीठातली माणसं ती बघणार, कदाचित तिथल्या एखाद्या परिषदेत ती मांडायला बोलावणार, म्हणून त्यांनी सफारी शिवायला टाकली होती. त्यांनी आधी माझ्या चपलांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं. ते इथं लिहीत नाही, पत्रकात आहे. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, पोरं स्टँडवर बसतात हे खरं, पण ती दोन वर्षांपूर्वीही बसायची आणि तेव्हा खोली भरलेली असायची, हे सर्जेराव सांगतात. आता गेले कित्येक दिवस एकही दोरा तुटलेला नाही. मग ते वाक्य आलंच. "नोंद नाही, म्हणजे घटना नाही."

खरं सांगायचं तर तिथं माझी पंचाईत झाली. पोरांचं मी धरून चालले होते. मी वसतिगृहातली, त्या खोलीत मी कशाला जाते? मग मी सरळ उठून दवाखान्यात गेले. मंगलला सलाइन संपवून सोडलं होतं आणि तात्या औषधांच्या दुकानात होते. तिला म्हटलं, खरं सांग, त्या खोलीत तुम्ही का जात नाही? ती खाली बघून चादरीचा दोरा ओढत बसली. शेवटी म्हणाली, तुला सांगितलं तर तू भाषण करशील. तू मागं ते भूतभानामतीच्या विरोधात पत्रक काढलेलंस, तवापासनं कुणी तुला काय सांगत न्हाय.

मी शपथ घेतली, भाषण करणार नाही. मग तिनं सांगितलं, आणि मी शपथ मोडायच्या आत तिला हाताला धरून कॉलेजात आणलं. तात्या मागून आले आणि व्हरांड्यात पिशवी घेऊन उभे राहिले.

सर पट्टीची घडी घालत होते. मंगलनं चपला बाहेर काढल्या.

"सर, त्या दाराला कुणीतरी काळा दोरा बांधतंय," ती म्हणाली. "रोज. तोडला तर दुसऱ्या दिवशी परत नवा. पयल्यांदा वनितानं तोडला, तर तिची म्हस मेली. मग आमी न्हाय कुणी हात लावत."

सर थांबले. घडी अर्धी हातात तशीच राहिली.

"कुणीतरी म्हणजे मी," ते म्हणाले.

मंगलनं तोंडावर हात ठेवला. मला हसू येत होतं आणि संतापही. या माणसानं मोजायला म्हणून जे बांधलं, त्याच्यामुळंच मोजायचं काही उरलं नव्हतं. त्यांचं शून्य त्यांनीच रोज उजाडता सायकलवरून येऊन बांधलं होतं. मी तसं म्हणणारही होते. पण आधी सरांकडं बघितलं. ते हिशोब चुकलेल्या माणसासारखे दिसत नव्हते. कुणीतरी त्यांच्या घरच्या माणसाला शिवी दिल्यासारखे दिसत होते.

"भ्यालात? त्याला?" ते म्हणाले. त्यांची पुस्तकी भाषा एकदम गळून पडली होती. "अगं, लोकर हाय ती. माझ्या आईनं कातलेली. ती गेली तवा गाठोडंभर ठिवून गेली, म्हणून वापरतो. भ्यायचं काय त्यात? कळपात जे कोकरू अशक्त असंल, त्याच्या गळ्यात आई काळा दोरा बांधायची. का, तर सांच्याला सगळ्यांच्या आधी त्याच्याकडं बघायचं."

"आमच्यात पण बांधत्यात, सर," मंगल म्हणाली. तिच्याही घरी एके काळी मेंढरंच होती. "पण कोकराला बांधला तर जपायला. दाराला बांधला, तर आत येऊ नको म्हणून."

सरांनी हातातली अर्धी घडी टेबलावर ठेवली. मग विचारलं, "म्हशीला काय झालं होतं?"

"म्हातारी होती," मंगल म्हणाली.

सर उठले आणि तडक मुलींच्या खोलीकडं गेले. आम्ही मागं. त्यांनी कोयंड्यातला दोरा दोन बोटांनी तोडला, आत गेले आणि आतून कडी लावून बघितली. ती ढिली होती. बाहेरून जरा जोर दिला तरी निसटायची. इतके दिवस बाहेरून खोली मोजणाऱ्या माणसानं ती आतून पहिल्यांदाच बघितली होती.

त्याच दुपारी केबिनमध्ये बैठक होती. प्राचार्य आणि एक संचालक. मी निवेदन घेऊन दारात उभी होते, त्या कचऱ्याच्या डब्याशेजारी, म्हणून मला ऐकू आलं. सर म्हणाले, खोलीची नोंद रद्द करा, मोजण्यातच चूक झाली. प्राचार्य समजुतीनं म्हणाले, शिंगाडे, असू द्या हो. चार्ट छापून झालाय. समितीला काय कळणार? शून्य ते शून्य. आणि दुसऱ्या संगणकाला जागा कुठून आणू? संचालकांनी तर सरळ विचारलं, की चार पोरींसाठी तुम्ही स्वतःच्या कामाला खोटं म्हणणार का? विद्यापीठात जायचं होतं ना तुम्हाला?

सरांनी ती मोठी पट्टी टेबलावर ठेवली आणि मधोमध फाडली. प्रिंटरचा कागद, सरळ फाटत नाही. भोकांच्या रेषेशी अडला. त्यांनी तो परत धरून फाडला.

"हे शून्य माझं हाय, साहेब," ते म्हणाले. "पोरींचं न्हाय."

दुसऱ्या संगणकाला जागा मिळाली. देखभाल समितीच्या खोलीत. सरांचं टेबल जिन्याखाली गेलं. हातानं रंगवलेली पाटी त्यांनी जिन्याच्या उतरत्या बाजूला अडकवली, तर ती तिरकी लटकायची. जाणारे-येणारे डोकं तिरकं करून वाचायचे.

पण तात्या अजून पिशवी घेऊन व्हरांड्यातच होते. सर त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता टक्केवारी ऐकावी लागणार. तात्यांनी एकच विचारलं, "आतनं कडी लागती का?"

"आज न्हाय लागत," सर म्हणाले. "सोमवारी या. हातानं वढून बघा."

सोमवारी तात्या आले. नवी लोखंडी कडी होती. त्यांनी लावली, काढली, परत लावली. पिशवी मंगलच्या हातात दिली आणि साखर कारखान्याकडं जाणारी एसटी धरली. आभार वगैरे मानायची आमच्याकडं पद्धत नाही.

विद्यापीठाची समिती आली, श्रीखंड-पुरी जेवली, नवा संगणक लांबून बघितला आणि गेली. फाटलेल्या पट्टीबद्दल कुणी विचारलं नाही. न फाटलेलीबद्दलही विचारलं नसतं. सफारी मात्र सरांनी त्या दिवशी घातली होती. जिन्याखालून वाकून बाहेर येताना तिला चुना लागला.

खोलीचा वापर ते पुढंही मोजायचेच, सवय थोडीच जाते? पण आता गच्चीवर जाऊन टाकीतलं पाणी किती उतरलं ते बघायचे. एकदा भर उन्हाळ्यात टाकी दुपारीच कोरडी पडली. सगळं कॉलेज बोंबलत होतं आणि हा माणूस गच्चीवरून खाली येताना हसत होता. "पत्रकबाई, पोरी पाणी पितायत," मला म्हणाले. मी टंचाईवर पत्रक काढणार होते. ते एक पत्रक मी काढलं नाही.

पुढच्या वर्षी मंगल बी.एस्सी. झाली. पहिल्या वर्गात. ती पेढ्यांचा पुडा घेऊन आली आणि म्हणाली, सरांच्या घरी जाऊ. सुट्टी लागलेली, कॉलेज बंद. सरांच्या घरी कुणीच कधी गेलेलं नव्हतं. भिगवण रस्त्याला आम्ही वाडा शोधत हिंडलो. एका किराणा दुकानदारानं मागच्या चाळीकडं बोट दाखवलं. कोपऱ्यातल्या दोन खोल्या. दाराशी एकाच माणसाच्या चपलांना पुरेल एवढी फळी. खिडकीतून आत एक पंखा दिसला, भिंतीवर हार घातलेले दोन फोटो, एक म्हाताऱ्या बाईचा आणि एक तरुण बाईचा, आणि एकच ताट पालथं घातलेलं.

माणशी दोन खोल्या. माणशी एक पंखा. आम्ही गुणाकार चुकीचा केला होता.

शेजारची बाई वाळवण उलथत होती. तिला विचारलं, सर कुठं गेले? ती म्हणाली, मार्केट यार्डाकडं गेलेत भाजीला, येतील. ते स्वतः मागच्या दारानंच येतात-जातात, हे पुढचं दार पाव्हण्यांसाठी. मग आमच्याकडं निरखून बघत म्हणाली, "तुमी त्यांच्या कोण?"

मंगल म्हणाली, "आमी त्यांच्या पोरी. कालिजातल्या."

दाराला कुलूप नव्हतं. नुसती कडी होती, आणि कडीकोयंड्यात काळा लोकरीचा दोरा. घट्ट गाठ, नेटका. त्याच्यावर धूळ बसली होती.

मी त्या दोऱ्याकडं बघत राहिले. अख्खा उन्हाळा टिकला, असं ते म्हणाले होते, आणि मी वा म्हटलं होतं.

मंगलनं पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. एके काळी अशाच दोऱ्याला भिऊन तिनं पाणी सोडलं होतं. तिनं पुढं होऊन कडीला हात घातला आणि दार सरळ ढकललं. दोरा ताणला, जरासा थांबला आणि तुटला.

आम्ही आत गेलो नाही. उंबऱ्यावरच बसलो. थोड्या वेळानं सर सायकल ढकलत आले, हँडलला मेथीची जुडी अडकवलेली. त्यांनी आमच्याकडं नीट बघितलंही नाही. आधी दाराकडं बघितलं. कोयंड्याला लोंबणारा दोरा हातात धरला, त्याचं तुटलेलं टोक अंगठ्यानं चाचपलं. 

"नोंद झाली," ते म्हणाले. आणि चहाला किती कप लागतील ते बघायला आत गेले. कप एकच होता. आम्ही दोघी वाट्यांतून प्यायलो.